तिसरी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यात खाडीकाठी घर, सात वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, मालक नोकरीनिमित्त ठाण्याला. गाडी गावीच असते आणि शिमगा, मे महिना, गणपती एवढ्यालाच खरी चालते. मधल्या काळात वडील आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेवतात. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. बॅटरीवाला म्हणतो डायनामो चार्ज करत नाही, वायरमन म्हणतो बॅटरीच हलकी होती. खरं कुणाचं?

या दोघांपैकी कुणी मीटर लावून आकडे सांगितले होते का, ते तुमच्या प्रश्नात नाही, आणि बहुतेक लावलाच नसावा. तुमच्या वर्णनावरून माझा संशय दोन गोष्टींवर जातो: उभी गाडी रोज थोडी थोडी बॅटरी खाते तो खर्च, आणि खाऱ्या हवेनं कुरतडलेलं अर्थिंग, म्हणजे करंटाची बॉडी-इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट. पण संशयावर पार्ट बदलायचे नसतात. पाचशे रुपयांच्या आसपासचा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. त्यानं चार मापं काढलीत की भांडण मिटेल.

पहिलं माप झोपलेल्या गाडीचं. गाडी किमान रात्रभर उभी असावी. बॉनेटचा खटका आदल्या संध्याकाळीच ओढून ठेवा, कारण सकाळी दार उघडलंत की आतला दिवा लागतो, सेंट्रल लॉकचं यंत्र जागं होतं आणि आकडा खाली येतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून टोकं थेट शिशाच्या खुंटांवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या आसपास असेल तर रिकामी समजा. चार्ज करूनही १०.५ च्या पुढे सरकत नसेल तर सहा सेलपैकी एक गेला आहे, कारण एकेक सेल सुमारे २.१ व्होल्टचा असतो. ती बॅटरी कुणी कितीही चार्ज केली तरी परत येणार नाही.

गाडी नुकतीच फिरून आली असेल तर हा आकडा फसवा असतो. वरवरचा चार्ज १२.९ सुद्धा दाखवतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाईट दोनेक मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. आणि १२.६ आले म्हणून बॅटरी धडधाकट, असंही नाही. व्होल्टेज बरोबर असूनही आतल्या प्लेट गेलेल्या असू शकतात. ते दुसऱ्या मापात कळतं.

दुसरं माप सेल्फ मारताना. एकानं किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं मीटर बघायचा. बॅटरी भरलेली असताना सेल्फ फिरतेवेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. चांगल्या बॅटरीवर छोटी पेट्रोल गाडी दहाच्या वरच राहते. भरलेली बॅटरी सेल्फ मारताच आठ-साडेआठवर कोसळली, तर बॅटरीत दम उरलेला नाही, किंवा सेल्फच जाम होऊन जास्त करंट ओढतोय. पण आकडा दहाच्या वर आहे आणि सेल्फ तरी रडत रडत फिरतोय? मग बॅटरीतला करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. आमच्या किनारपट्टीवर हाच प्रकार जास्त, म्हणून इथे जरा थांबतो.

मीटरचं एक टोक निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, एखाद्या स्वच्छ बोल्टच्या डोक्यावर, घट्ट टेकवा आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला तर तेवढा दाब वाटेतच मरतोय. मग एक टोक खुंटावर ठेवून दुसरं त्याच्याच क्लॅम्पवर, नंतर बॉडीवर, नंतर गिअरबॉक्सवर असं सरकवत जा. आकडा जिथे उडी मारतो, गंज तिथे. पॉझिटिव्ह बाजूलाही तेच: खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.

निगेटिव्ह खुंटापासून एक केबल बॉडीला जाते आणि एक गिअरबॉक्सला किंवा इंजिनाला. ही दुसरी खाली, चाकाकडून उडणाऱ्या पाण्याच्या माऱ्यात असते. देवगड, मालवण, वेंगुर्ले, हर्णै, कुठलाही किनारा घ्या: वाऱ्याबरोबर मीठ येतं, पावसाळ्यात दमट हवेत ते सुकतच नाही, वर जांभ्याचा तांबडा चिखल बसतो. बाहेरून केबल धडकी दिसते. रबर जरा कापून बघितलं की आत तांब्याच्या तारा हिरव्या पावडरीत गेलेल्या. अशा गाडीची एक खूण सांगतो. सेल्फ दोन-चारदा मारल्यावर क्लच केबल किंवा ॲक्सिलरेटर केबल हाताला गरम लागते. इंजिनाचं अर्थिंग तुटलं की करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि त्या बिचाऱ्या केबलमधून जातो.

आता तुमचं भांडण बघा. अर्थिंग खराब असेल तर डायनामो स्वतःच्या तोंडाशी १४.३ देत असतो, पण बॅटरीच्या खुंटावर १३.४ च पोचतात. बॅटरीवाला खुंटावर मोजतो आणि म्हणतो डायनामो गेला. वायरमन डायनामोवर मोजतो आणि म्हणतो डायनामो ठणठणीत, बॅटरी बदला. दोघांचे आकडे खरे, आणि बिघाड मधल्या दोन फुटांत. नवीन डायनामो बसवूनही हा दोष तसाच राहतो, फक्त तुमचे पैसे जातात.

दुरुस्ती स्वस्त आहे. १० चा पाना घ्या, आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. हा क्रम पाळला तर पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं फेसाळून निघतो, पण ते पाणी सेलच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. तारेच्या ब्रशनं खुंट, क्लॅम्प आणि बॉडीवरची अर्थिंगची जागा चकचकीत होईपर्यंत घासा. बॉडीच्या जागेवर रंग असेल तर तोही खरवडा. घट्ट आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा, आवळण्याआधी नको. केबल आतून हिरवी असेल तर घासत बसू नका, नवी टाका: किमान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची, टोकं नीट दाबून बसवलेली. मी किनाऱ्यावरच्या गाड्यांना इंजिन ते बॉडी एक जादा अर्थिंग सरळ देतोच. कंपनीनं दिलेलं कधी ना कधी जाणारच असतं.

तिसरं माप चालू इंजिनचं. रेस थोडी वाढवून, दीड-दोन हजार आरपीएमला, बॅटरीच्या खुंटांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मग हेडलाईट, एसीचा ब्लोअर आणि वायपर एकदम लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.३ च्या खाली जाऊ नये. १३ च्याही खाली आला तर आधी बेल्ट बघा. पहिल्या पावसात सकाळी चीं-चीं करणारा बेल्ट घसरत असतो, आणि घसरणारा बेल्ट डायनामो पुरेसा फिरवत नाही. बेल्ट ठीक असेल तर डायनामोचे कार्बन ब्रश किंवा कटआऊट (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग). १५ च्या वर आकडा गेला तर उलटा प्रकार, कटआऊट सुटलाय. बॅटरीचं पाणी भराभर आटतं, कुजक्या अंड्याचा वास येतो, खोकं फुगतं. अशी गाडी चालवू नका.

डॅशबोर्डवरच्या लाल बॅटरीच्या दिव्याकडेही बघा. किल्ली ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालताना लागतो तेव्हा सगळे घाबरतात. पण किल्ली ऑन केल्यावर तो लागतच नाही, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जुन्या बनावटीच्या गाड्यांत त्या दिव्याच्या वायरीतूनच डायनामोला पहिला करंट मिळतो. ती वायर उंदरानं तोडली की डायनामो चार्जिंग सुरूच करत नाही.

नव्या गाड्यांबद्दल एक इशारा. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा चौकोनी सेन्सर आणि त्याला बारीक वायर दिसली, तर तिथे चार्जिंग संगणक ठरवतो. अशा गाडीत बॅटरी भरलेली असताना १२.८ आणि उतारावर १४.८ दिसू शकतात, दोन्ही बरोबर. एका आकड्यावरून डायनामोला दोष देऊ नका. लाईट-ब्लोअर लावून, थोडी गाडी चालवून पुन्हा मोजा.

इंजिन चालू असतानाच मीटर एसी व्होल्टवर (हा उलटसुलट वाहणारा करंट, गाडीतला थंड हवेचा एसी नव्हे) फिरवून तीच टोकं लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायनामोचा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, गेलाय. हा लबाड दोष. दिवसा चार्जिंग ठीकठाक वाटतं आणि रात्री गाडी बंद असताना तोच डायोड बॅटरी उलटी रिकामी करतो. काही स्वस्त मीटर एसीवर डीसीचाही भलताच आकडा दाखवतात, म्हणून इंजिन बंद करून एकदा ताडून बघा. तेव्हा शून्याजवळ यायला हवा.

आणि कुणी चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून “बघा, गाडी बंद पडत नाही, म्हणजे डायनामो चांगला” असं दाखवू लागला, तर त्याला हात लावू देऊ नका. जुन्या जीपच्या काळात ते चालून गेलं. आताच्या गाडीत बॅटरीचा आधार सुटताच डायनामोचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं, आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) गेला तर त्याच्या खर्चात बॅटऱ्यांचा ढीग येईल.

चौथं माप गळतीचं, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. गणपतीत घरोघर ऐकू येतं, “गाडी तर उभीच होती, मगे बॅटरी कित्याक गेली?” उभी होती म्हणूनच गेली. घड्याळ, लॉक, अलार्म, ईसीएमची स्मृती यांना बंद गाडीतही करंट लागतो. २० ते ५० मिलिअँपिअर हा निरोगी खर्च. ३० धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, महिन्याला जवळपास २२. तुमच्या गाडीची बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तासांची) असेल, म्हणजे काहीही बिघाड नसताना महिन्यात निम्म्याहून जास्त रिकामी आणि दीड महिन्यात संपली. मे महिन्याअखेर उभी केलेली गाडी गणपतीला सुरू होईल ही अपेक्षाच चुकीची.

वडिलांची दहा मिनिटंही हिशेबात धरू. आठवड्याचा खर्च ५ अँपिअर-तास. रेस न देता नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनवर डायनामोकडून बॅटरीत १० अँपिअर जातात असं उदारपणे धरलं, तरी दहा मिनिटांत परत मिळतात पावणेदोनच्याही आत. दर आठवड्याला तीन-साडेतीनची तूट. त्यात एसी लावून बसले तर आणखी कमी. शिवाय थंड इंजिनात पाण्याची वाफ साठते, ती ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहते. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा गाडी खरीच बाहेर काढून नांदगाव तिठ्यापर्यंत जाऊन-येऊन करा. इंजिन, ब्रेक, टायर सगळ्यांना बरं. तेवढंही जमत नसेल तर दहा मिनिटांचा विधी बंद केलेला बरा.

गळती मोजायची तर मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात टाका, निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि मीटर खुंट व क्लॅम्प यांच्या मध्ये जोडा. दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं बंद अवस्थेत ढकला. किल्ली घरात, गाडीपासून लांब. सुरुवातीला एक-दोन अँपिअर दिसतील. अर्धा तास थांबा, यंत्रं एकेक करून झोपतात आणि आकडा खाली बसतो. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. काम झालं की लाल वायर व्होल्टच्या भोकात परत टाका. ती विसरून पुढे कुणी व्होल्टेज मोजायला गेलं, तर मीटरमार्गे बॅटरी शॉर्ट होते.

शंभर मिलिअँपिअरच्या वर बसला तर चोर शोधायचा. फ्यूज उपटत सुटू नका, त्यानं झोपलेलं यंत्र जागं होतं. क्लॅम्प परत बसवा, यंत्रं झोपू द्या, मग मीटर मिलिव्होल्टवर घेऊन प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टेकवा. करंट वाहत असेल त्या फ्यूजवर थोडा तरी आकडा येतो, बाकीच्यांवर शून्य. चोर बहुतेक वेळा नंतर बसवलेला असतो: अँप्लिफायर, डॅशकॅम, जीपीएस, फॉगलॅम्पचा चिकटलेला रिले. डिकीतला पाच वॅटचा दिवा बंद होत नसेल तर तो एकटा दिवसाला दहा अँपिअर-तास खातो, म्हणजे चार दिवसांत बॅटरी आडवी. सगळे फ्यूज स्वच्छ निघाले तर डायनामोची जाड वायर काढून बघा, अर्थात बॅटरी सोडवून. ती बाजूला ठेवल्यावर गळती थांबली तर डायोड.

यात मी उंदीर मुद्दाम वेगळे धरतो. पावसात त्यांना बॉनेटखालची कोरडी जागा आवडते. काथ्या, सुकी पानं आणून घरटं करतात आणि वायरींचं कव्हर कुरतडतात. उघडी तांब्याची तार ओल्या बॉडीला टेकली की गळती सुरू, आणि उन्हाळ्यात मोजलं तर काहीच सापडत नाही. म्हणून हे माप शक्यतो पावसाळ्यातच घ्या. गाडी गोठ्याशेजारी किंवा भाताच्या कणग्यांजवळ उभी करू नका.

चारही मापं ठीक आली तर दोष फक्त उभं राहण्याचा, आणि उपाय सोपा: ठाण्याला निघण्याआधी बॅटरी चार्जरनं पूर्ण भरा आणि निगेटिव्ह काढून ठेवा. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावा लागेल, काही गाड्यांत काचांचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं. डिकी फक्त बटणानं उघडत असेल तर आत काही अडकवून ठेवू नका, आणि दार किल्लीनं उघडतंय ना हे आधी तपासा. टर्मिनल काढलेली बॅटरीही आपोआप उतरतेच, उन्हाळ्यात जास्त वेगानं. मे ते गणपती निभावेल. गणपती ते शिमगा सहा महिने होतात, मध्ये दिवाळीच्या सुमारास एकदा भरून घ्या. कायम लावून ठेवायचा छोटा चार्जर घेणार असाल, तर वीज जाऊन आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणाराच घ्या. बटण दाबावं लागणारा आपल्याकडे पहिल्याच वादळी पावसात बंद पडून राहतो.

तुमच्या दोन बॅटऱ्या कशानं मेल्या असतील? उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती पुरेसा चार्ज घेतच नाही. हलकी-भारी कंपनी हा नंतरचा प्रश्न. सध्याची बॅटरी टाकून देण्याआधी ३-४ अँपिअरनं रात्रभर भरा, काही तास तशीच ठेवा आणि लोड टेस्टर (भार टाकून बॅटरीचा दम बघणारं यंत्र) लावून घ्या. बुचं उघडणारी असेल तर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघा. पाच सेल १.२५० आणि एक १.१८० दाखवत असेल तर तो सेल गेला. सगळे सारखेच खाली असतील तर अजून आशा आहे. पाणी कमी असेल तर डिस्टिल्डच, विहिरीचं नको. किनाऱ्यालगतच्या विहिरीत क्षार असतातच. ॲसिड ओतायचं नाही. वरच्या गोल भिंगातला हिरवा ठिपका फक्त एका सेलचं सांगतो, त्यावर विसंबू नका. नवी घ्यावीच लागली तर खोक्यावरची तारीख बघून ताजी घ्या. दुकानात सहा महिने पडलेली बॅटरी नवीन नसते.

राहिला गणपतीच्या आदल्या रात्री पोचल्यावर गाडी सुरू न होण्याचा प्रश्न. जंपर केबल लावताना लाल वायर आधी तुमच्या पॉझिटिव्हला, मग शेजाऱ्याच्या पॉझिटिव्हला. काळी शेजाऱ्याच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचं टोक लावताना ठिणगी उडतेच, म्हणून. शेजाऱ्याची गाडी पाच मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नव्हे. त्या रात्री चार्जर लावून ठेवा, नाहीतर सकाळी मूर्ती आणायला निघताना पुन्हा तेच.